दाभणमावशीचा जबाब

बस डेपोच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगाला लागून एक पत्र्याची शेड आहे. फाटलेल्या सीटा तिथे येतात आणि शिवून परत बसमध्ये जातात. रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, खिळ्यांचे डबे आणि एक जुनं, तेलकट, खडखडणारं मशीन, एवढ्या पसाऱ्यात दाभणमावशी बसायची. जाड शिवण आली की मशीनची सुई हात टेकते आणि तिथे दाभण घ्यावं लागतं. डेपोत दाभण चालवावं तर तिनेच. नाव त्यावरून पडलं होतं, पण नवा लागलेला मेकॅनिकसुद्धा आठवड्याच्या आत ओळखायचा, की ते नुसतं सुईवरून पडलेलं नाही.

तिचा नवरा त्याच डेपोत कंडक्टर होता. "जन्मभर लोकांना पुढे सरका म्हणाला, स्वतः जागचा हलला नाही," असं ती त्याच्यासमोरच सांगायची आणि तोही हसायचा. दोघांना एकच मुलगी. हाडापेराने मजबूत, शाळेत धावण्यात पहिली, बोलायला कमी. ती पोलिसात शिपाई म्हणून लागली त्या दिवशी मावशीने सगळ्या डेपोला चहा पाजला. ज्याच्याशी वर्षभर भांडण चाललं होतं त्या स्टोअरकीपरलाही पाजला, आणि वर बिस्किट दिलं.

पुढे कळायला लागलं, की पोलिसाची आई होणं हे वेगळंच प्रकरण आहे. गल्लीतली माणसं दोन जातींची झाली. एक जात काम घेऊन येणारी. कुणाची गाडी उचलून नेली, कुणाचा भाचा मारामारीत सापडला, की संध्याकाळी दारात उभे, आणि पोरीने नाही म्हटलं की महिनाभर तोंड फिरवून. दुसरी जात मावशी आली की गप्प होणारी. चार बाया हसतखिदळत असायच्या आणि ही जवळ आली की एकदम हवापाण्यावर बोलायला लागायच्या. एकदा बाजारात भाजीवालीने तिला न मागता भाव कमी लावला. मावशीने कारण विचारलं, तर ती म्हणाली, राहू द्या, तुमच्या घरी वर्दी आहे. मावशीला इतका संताप आला की भाजीची पिशवी तिथेच उपडी केली आणि रिकाम्या हाताने घरी आली. त्या दिवशी सगळ्यांनी पिठल्यासारखा काहीतरी गरगट पदार्थ खाल्ला आणि कुणी तक्रार केली नाही.

हे सगळं सोसण्यासारखं होतं. जे सोसवलं नाही ते पुढे घडलं.

शहरात संप सुरू झाला होता. डेपोजवळच्या मोठ्या चौकात रोज मोर्चे, रोज बंदोबस्त. पोरीची ड्युटी तिथेच लागली. सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. पाण्याची बाटली जशी भरून नेली तशीच भरलेली परत आणायची. मावशी ती बाटली रोज विसळायची आणि मनात म्हणायची, हिला पाणी प्यायची आठवण राहत नाही, लहानपणापासूनच अशी. एकदा कंबर दुखते म्हणाली. मावशीने शेकायला पिशवी दिली. मग ताप आला. ताप अंगावर काढून पोरगी ड्युटीवर गेली आणि दुपारी चौकातच कोसळली. पडताना बॅरिकेडची कड लागून भुवई फुटली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की भुवईचं काही नाही, दोन टाके घातलेत. पण मूत्रपिंडाला जंतूसंसर्ग झालाय, आणि तो काही आजचा नाही. मग त्यांनी पोरीलाच विचारलं, ड्युटीवर लघवी किती वेळ दाबून ठेवता?

"लागेल तितका वेळ," पोरगी म्हणाली.

चौकात पुरुष शिपाई भिंतीआड जाऊन येत. बायकांना जागाच नव्हती. सगळ्यात जवळचं स्वच्छतागृह डेपोतलं, पण जागा सोडून गेलं की गैरहजेरी लागणार. म्हणून त्यांनी उपाय काढला होता. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. ठाण्यातल्या सगळ्या मुलींचा हाच उपाय होता. नवी मुलगी आली की जुन्या तिला पहिल्याच दिवशी हे शिकवायच्या.

मावशी पलंगाशेजारी उभी राहून हे ऐकत होती. डेपो चौकापासून हाकेच्या अंतरावर. ती तिकडे शेडमध्ये बसून चहावर चहा पीत होती आणि इकडे तिची पोरगी तहानेने आतून वाळत होती. तिला रडू आलं नाही. हाताला काहीतरी फोडायला हवं होतं. त्या दिवशी कंडक्टरने घरातल्या कपबशा फडताळात वर ठेवल्या असं तो नंतर सांगायचा, पण त्यात किती खरं ते त्यालाच ठाऊक.

पोरगी अजून सलाईनवर असताना ठाण्यातून फोन आला. प्रकृतीची चौकशी एका वाक्यात उरकली आणि हजर कधी होणार ते विचारलं. आणि त्याच आठवड्यात घरी एक छापील निमंत्रण आलं. पोलिसांच्या मातांसाठी भावनिक आधार मेळावा. सर्व मातांनी आवर्जून यावं.

मावशी गेली. कंडक्टर म्हणाला, जातेस तर जा, पण तोंडाला दोरा लाव. ती म्हणाली, दोरा माझ्याकडे पुष्कळ आहे.

हॉल चांगला होता. पंखे चालू, खुर्च्यांना पांढरे कपडे, मंचावर मोठा फलक. त्याच्यावर एका हसऱ्या आईचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आईचं मन, वर्दीचं बळ'. मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं की तुम्ही माता म्हणजे आमच्या दलाची खरी ताकद आहात. मग एक समुपदेशक मुलगी आली. गोड आवाजाची, साधी, चांगल्या मनाची असावी. तिने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. लांब श्वास घ्या. काळजी एका फुग्यात भरा. आता तो फुगा सोडून द्या. मावशीने एक डोळा किलकिला करून पाहिलं तर शेजारची म्हातारी खरोखरच झोपली होती. फुगे सुटल्यावर सूचना आल्या. ड्युटीवर असताना मुलांना फोन करू नका. घरच्या तक्रारी त्यांच्या कानावर घालू नका. ती घरी आली की हसऱ्या चेहऱ्याने दार उघडा.

मग विचारलं, कुणाला मन मोकळं करायचं आहे का?

एक बारीकशी बाई उठली. ती एका बेकरीत कामाला होती आणि तिचा मुलगा शिपाई होता. तिने चाचरत सांगितलं की तो घरी आला की बोलतच नाही, भिंतीकडे तोंड करून जेवतो. समुपदेशक मुलीने तिला सांगितलं की त्याला थोडा वेळ द्या. बेकरीवाली बरं म्हणून खाली बसली.

तिचं ते 'बरं' ऐकून दाभणमावशी उठली.

"ताई, तुम्ही चांगलं बोलता," ती म्हणाली. "पण आम्हाला श्वास घेता येतो, इतकी वर्षं घेतोय. माझी पोरगी दिवसभर चौकात उभी असते आणि तिला मुतायला जागा नाही. म्हणून ती पाणी पीत नाही. म्हणून तिची किडनी सडली. आत्ता ती इस्पितळात आहे. ह्याच्यावर एखादा व्यायाम असेल तर सांगा."

मागे कुणीतरी पुरुष फिसकन हसला. मोठे साहेब माईकजवळ येऊन म्हणाले की मावशी, तुमच्या भावना समजतात, पण हा विषय इथला नाही, त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. मावशीने विचारलं, तो अर्ज होईपर्यंत पोरींनी धरून ठेवायचं का? ह्यावर माईक बंद झाला आणि चहा जाहीर झाला.

चहाला मावशी थांबली नाही. ती पायऱ्या उतरत होती तेव्हा मागून हाक आली. करड्या केसांच्या, ताठ चालीच्या एक बाई. निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. त्यांचीही मुलगी पोलिसात होती. त्या म्हणाल्या, "ती सकाळी पाणी पीत नाही म्हणून मी तिच्यावर ओरडत आले. मला वाटायचं हट्टीपणा करते." एवढं बोलून त्या पायरीवरच बसल्या. बेकरीवाली आली, आणखी दोघीतिघी आल्या. आत चहा निवत होता आणि बाहेर पायऱ्यांवर बाया एकमेकींना ते सांगत होत्या, जे आजवर घरातल्या भिंतींनाही सांगितलं नव्हतं.

मावशी घरी आली ती मोठा गड जिंकल्यासारखी. पण तिचं ते बोलणं कुणीतरी मोबाईलवर टिपलं होतं आणि ते गावभर फिरलं. पोरगी बरी होऊन ठाण्यात हजर झाली तर तिच्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवलेली, तिला लाल फीत बांधलेली. ती जिन्यात दिसली की कुणीतरी ओरडायचं, वाट सोडा, मॅडमना घाई आहे. आठवडाभर तिने ऐकून घेतलं आणि मग एका संध्याकाळी आईसमोर येऊन उभी राहिली.

"माझं मूत तू हॉलभर वाटलंस," ती म्हणाली.

मावशी म्हणाली, मी खोटं काय बोलले?

"खरं होतं, म्हणूनच ते माझं होतं. सांगायचं की नाही ते मी ठरवणार होते. तुला राग आला आणि तू माझं अंग काढून लोकांपुढे ठेवलंस. विचारलंस मला?"

मग पोरगी तिच्याशी बोलेनाशी झाली. एकाच घरात राहून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि कंडक्टर दोघींच्या मधे फेऱ्या मारत होता. आई विचारते डबा नेणार का. तिला सांगा नेणार नाही. निवृत्त झाल्यावर एवढी पायपीट होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

राग कुठेतरी जायला हवा होता. सुट्टीच्या दिवशी मावशीने फोरमनची परवानगी काढली आणि त्या बायांना शेडमध्ये बोलावलं. दुरुस्तीला आलेल्या सीटा मांडल्या होत्या, त्यांच्यावर सगळ्या बसल्या, कुणाच्या सीटचा फोम बाहेर, कुणाची ब्लेडने चिरलेली. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की इथे 'सगळं ठीक होईल' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. ते नाही म्हटलं, की मग काय म्हणायचं ते सुचायला थोडा वेळ जायचा. पण त्या थोड्या वेळानंतर जे निघायचं ते खरं असायचं. एकीचा मुलगा साध्या चमचा पडण्याने दचकायचा. एकीला लेकीची वर्दी धुताना खिशातल्या गोळ्या सापडल्या होत्या, झोपेच्या. एकजण नुसतीच येऊन बसायची, एकदाही बोलली नाही आणि एकदाही चुकली नाही.

बोलून बोलून त्या एका कामाला लागल्या. चौकाभोवतीच्या घरांत आणि दुकानांत जायचं आणि विचारायचं, बंदोबस्ताच्या दिवशी पोलीस मुलींना तुमचं न्हाणीघर वापरू द्याल का? औषधाच्या दुकानदाराने हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बायकोने नको म्हटल्याचं कळवलं. हॉटेलवाल्याने सांगितलं की पोलीस एकदा आत आले की फुकट जेवूनच जातात. घड्याळाच्या दुकानावर राहणाऱ्या एका बाईने मावशीचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "संपाच्या वेळी ह्याच चौकात माझ्या पोराचा हात मोडला. तो नुसता क्लासला चालला होता. तुमच्यातल्या कुणाच्या पोराने मोडला ते विचारून या, मग दार उघडते."

मावशी रागाने दणदण जिना उतरली आणि राग कुणावर ते तिला कळत नव्हतं.

शेडमध्ये तिने हे जसंच्या तसं सांगितलं. दोघीतिघी उसळल्या, आपली पोरं काय हौसेने काठी चालवतात का, त्यांच्यावर दगड पडतात ते कुणी बघत नाही. मावशी म्हणाली की दगड मी बघते, दगडांनी फुटलेल्या बसच्या सीटांमधल्या काचा मी वेचते, पण क्लासला चाललेल्या पोराने दगड मारला नव्हता. तेव्हा बेकरीवाली खाली बघत म्हणाली की त्या दिवशी तिचा मुलगा चौकातल्याच तुकडीत होता. घरी आला, जेवला, झोपला, नेहमीसारखा.

"तू त्याला विचारलंस?" मावशीने विचारलं.

"नाही."

"का?"

"तो सांगेल म्हणून."

पुढच्या वेळी दोघी आल्या नाहीत, त्यांना हे असलं बोलणं नको होतं. बेकरीवाली मात्र आली. मधल्या दिवसांत ती एकटीच त्या घड्याळवाल्या घराचा जिना चढून गेली होती. तिथे काय बोलणं झालं ते तिने कधी सांगितलं नाही. दार काही आपल्याला उघडणार नाही, एवढंच म्हणाली.

एवढ्यात त्या मोबाईलवरच्या चित्रफितीचा बोभाटा वर्तमानपत्रापर्यंत गेला आणि वरून सूत्रं हलली. चौकात पांढरी शुभ्र फिरत्या स्वच्छतागृहाची गाडी येऊन उभी राहिली. मोठ्या साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले. मातांना बोलावणं नव्हतं. मावशी म्हणाली, नाही बोलावलं तर नाही, नळाला पाणी आहे ना?

पाणी होतं. पण लवकरच दाराला कुलूप आलं. बाहेरचे लोक घाण करतात असं कारण दिलं. किल्ली पलीकडच्या रस्त्यावरच्या चौकीत, एका जाड्या हवालदाराकडे. त्याच्याकडे जाऊन मागायची, तो विचारणार, कशाला हवी? चारचौघांत. मग हसणार. दोनदा असं झाल्यावर मुलींनी किल्ली मागणं सोडलं आणि पुन्हा पाणी पिणं सोडलं. हे मावशीला चौकात उभ्या असलेल्या एका कोवळ्या मुलीने सांगितलं. ओठ वाळून पांढरे झालेले, आणि पाठीमागे तीच ती स्वच्छ गाडी, कुलूप लावलेली.

मावशी आधी नीट वाटेनेच गेली, हे सांगायला हवं. चौकीत गेली, हवालदाराने साहेबांकडे बोट दाखवलं. साहेबांकडे गेली, ते म्हणाले उद्या बघू. ती उद्या गेली, तर ते बैठकीत. चौकीतून बाहेर पडताना हवालदार दुसऱ्याला म्हणाला, "हीच ती मुतारीवाली." त्याने ते हळू म्हटलं होतं. मावशीचे कान मशीनच्या खडखडाटात तयार झालेले.

ती तडक डेपोत आली आणि फिटरच्या पेटीतून लोखंड कापायची करवत उचलली. फिटरने विचारलं, कशाला? ती म्हणाली, तुला माहीत नसलेलं बरं. बाईंना आणि बेकरीवालीला फोन केला. भर दुपारी, रहदारी तुंबलेली असताना, अंगात डेपोचा निळा एप्रन घालून ती त्या दाराशी उभी राहिली. बेकरीवालीने कुलूप घट्ट धरलं. बाईंनी मावशीच्या डोक्यावर छत्री धरली, ऊन फार आहे म्हणून. करवत चालू झाली. तो आवाज ऐकून सिग्नलला थांबलेले लोक माना वळवून बघायला लागले. ड्युटीवरच्या त्या कोवळ्या मुलीने एकदा पाहिलं, मग रस्त्याकडे तोंड केलं आणि उगीचच जोरजोरात शिटी वाजवून रहदारी हाकायला लागली.

कुलूप पडलं. मावशी सगळ्यांत आधी स्वतः आत जाऊन आली. बाहेर येऊन म्हणाली, "पाणी येतंय." मग रस्त्यावरच्या मुलीला हाक मारली, आणि तिच्या जागी बाई स्वतः हात वर करून उभ्या राहिल्या. आयुष्यभर प्रार्थनेच्या रांगा लावलेल्या. एकही वाहन पुढे सरकलं नाही.

करवत हातात होती म्हणून एकट्या मावशीला ठाण्यात आणलं, ते तिच्या लेकीच्याच ठाण्यात. आजारपणामुळे पोरीला तेव्हा टेबलाचं काम दिलेलं होतं. ठाण्याचे साहेब संतापले होते. सरकारी मालमत्तेची मोडतोड म्हणाले. मग खोलीभर नजर फिरवली आणि त्यांना काहीतरी सुचलं. "तुमच्याच मातोश्री ना?" ते पोरीला म्हणाले. "तुम्हीच घ्या जबाब." चारपाच जण हातातलं काम टाकून बघायला लागले.

दोघी मायलेकी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. कित्येक दिवसांनी एकमेकींकडे तोंड करून. पोरीने कागद ओढला आणि नाव विचारलं. मावशीने पूर्ण नाव सांगितलं. वय सांगितलं. धंदा सीटा शिवणं.

"कुलूप कशाने कापलं?"

"करवतीने."

"कुणाची?"

"माझीच," मावशी म्हणाली. करवतीच्या मुठीवर फिटरची खूण कोरलेली होती आणि ती समोर टेबलावरच पडली होती. पोरीने करवतीकडे बघितलं आणि लिहिलं, स्वतःची.

"कशासाठी कापलं?"

मावशीच्या तोंडात सगळं तयार होतं. हवालदाराचं नाव, त्याचं हसणं, तिला काय म्हणाला ते. मेळाव्यातल्यापेक्षा दसपट चढ्या आवाजात सांगायचं तिने रस्ताभर घोकलं होतं. पण ती थांबली. भोवती उभे पुरुष कान टवकारून होते. तिने पोरीकडे पाहिलं.

"सांगू का?" तिने हळू विचारलं.

पोरीने पेन खाली ठेवलं. भुवईवरच्या व्रणावरून एकदा अंगठा फिरवला. मग पेन उचललं आणि लिहायला लागली, आणि जे लिहीत होती ते मोठ्याने वाचायला लागली.

"माझी मुलगी ह्याच ठाण्यात शिपाई आहे," ती वाचत होती. "बंदोबस्तात तिला आणि तिच्याबरोबरच्या मुलींना लघवीला सोडत नाहीत. तिने दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी दिलं. लेखी दिलं त्याच्यावर शेरा मिळाला की पाणी कमी प्यावं. पाळीच्या दिवसांत ती दोन वर्द्या एकावर एक घालून उभी राहिली आहे. आजारातून हजर झाली तेव्हा तिच्या टेबलावर बाटली ठेवली गेली. ठेवणारे आत्ता खोलीत हजर आहेत."

तिने त्यांची नावं वाचली. एकेक, पदासकट. आवाज चढला नाही. मावशीला ह्यातलं अर्धं ठाऊकच नव्हतं. लेखी दिल्याचं ठाऊक नव्हतं. दोन वर्द्यांचं ठाऊक नव्हतं, आणि त्या तिनेच धुतल्या होत्या. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. बघायला जमलेल्यांपैकी एकजण पाय न वाजवता बाहेर पडला.

साहेब मधेच म्हणाले की एवढं सगळं लिहायची गरज नाही.

"जबाब देणाऱ्याने सांगितलं तसंच लिहायचं असतं, साहेब," पोरगी म्हणाली.

मावशीने ह्यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. पोरीने कागद तिच्याकडे फिरवला. "वाचून बघा. बरोबर असेल तर सही करा." मावशीने वाचलं आणि दाभण ओढताना लावतात तेवढा जोर लावून सही केली. खालचा कागद फाटला.

गुन्हा दाखल झाला नाही. तो दाखल करायचा तर तो जबाब जोडावा लागला असता, आणि जबाब जोडला तर तो कोर्टात कुणीतरी वाचला असता. साहेबांनी सगळे कागद खणात टाकले आणि मावशीला समज देऊन सोडलं. गाडीला नवं कुलूप आलं, पण किल्ली दोरीत ओवून ड्युटीवरच्या मुलीच्या हातात द्यायला लागले. एका चौकात. बाकीच्या चौकांत काही बदललं नाही, आणि मावशीसमोर कुणी ह्याला विजय म्हटलं की ती त्याला दारापर्यंत पोचवून यायची.

पोरीची बदली झाली. लांब, शहराच्या बाहेर, जिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात अशा ठाण्यात. शिक्षाच ती, कागदावर मात्र प्रशासकीय कारण. ऑर्डर आली त्या दिवशी मावशी साहेबांच्या केबिनमध्ये घुसायला निघाली होती. पोरीने चप्पल घालतानाच तिला अडवलं आणि म्हणाली, "ह्या वेळी विचारलंस का?" मावशीने चप्पल काढली. दिवसभर धुमसत राहिली, एका बसच्या सगळ्या सीटा एकटीने उसवून पुन्हा शिवल्या, पण गेली नाही.

डॉक्टरीणबाई सांगतात की पोरीचं एक मूत्रपिंड कायमचं कमजोर राहणार. ह्या गोष्टीवर मावशीचा राग शांत झालेला नाही आणि शेडमध्ये कुणी तिला तो शांत कर असं सांगतही नाही. बेकरीवाली आता मुलाला रोज जेवताना विचारते की आज काय केलंस. बहुतेक दिवशी तो उठून जातो. एके दिवशी उठला नाही. त्या दिवशी काय म्हणाला ते तिने शेडमध्ये सांगितलं, आणि ऐकून बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

नव्या ठाण्यात हजर झाल्यावर पोरीचा फोन आला. कंडक्टरने उचलला, दोन मिनिटं हो हो म्हणाला आणि फोन मावशीला दिला.

"इथे संडास आहे," पोरगी म्हणाली. "दार नाही."

मावशीच्या तोंडून जी शिवी निघाली ती लिहिण्यासारखी नाही. मग तिने विचारलं, मी येऊ? कुणाला भेटायचं?

"तू नको येऊस," पोरगी म्हणाली. "इथल्या मुलींकडून त्यांच्या आयांचे नंबर घेतेय. दोघींचे मिळाले. त्यांना तुझा देऊ का?"

"दे," मावशी म्हणाली.